शके १७०९ चा फाल्गुन आणि पीएचडीची बारा क्रेडिटं

गेल्या पावसाळ्यात एक प्रबंध वाचायला घेतला. विषय पेडणे आणि डिचोली महालांचा, म्हणजे आमच्या घरचाच. तिसऱ्या प्रकरणातल्या एका तळटीपेत माझं नाव दिसलं. आधी बरं वाटलं. मग टीप नीट वाचली आणि घाम फुटला.

टीप एका मोडी कागदाविषयी होती. कागद पेडण्याकडच्या एका घरात मिळालेला, शेताच्या खंडाचा. तारीख फाल्गुन शुद्ध, शके १७०९. काही वर्षांपूर्वी त्यावर टिपण लिहिताना मी शकात ७८ मिळवले आणि १७८७ लिहून मोकळा झालो. पण ७८ चा हिशेब चैत्रापासून कार्तिकापर्यंत बिनधोक. मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत इसवी सन पुढे सरकतो आणि माघ-फाल्गुनाला ७९ मिळवावे लागतात. म्हणजे कागद मार्च १७८८ चा.

एका वर्षाने काय मोठं बिघडलं, असं कोणी म्हणेल. बिघडलं ते असं. जानेवारी १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांशी तह होऊन पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं. मी ज्याला भोसल्यांच्या अमदानीचा अखेरचा कागद म्हटलं, तो नव्या अमदानीतला निघाला. नव्या राजवटीने खंडाची जुनी रीत लगेच बदलली, असा निष्कर्ष प्रबंधकर्तीने माझ्या तारखेवर उभा केला. खरं तर कागद उलट सांगतो. अंमल बदलून महिना उलटला तरी रीत जुनीच होती.

चूक माझी, आणि ती या टिपणाने जाहीर दुरुस्त करतो. पण प्रश्न उरतोच. विद्यार्थिनी, मार्गदर्शक, परीक्षक, कोणीच मूळ कागद मागून पाहिला नाही. प्रबंध वाईट आहे असंही नाही. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या बायकांच्या मुलाखतींचं प्रकरण सुंदर आहे. तिला ऐकता येतं, बोलतं करता येतं. कागदापाशी मात्र ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघते, कारण मोडी तिला कोणी शिकवलीच नाही.

मग शिकवतात काय? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान १२ क्रेडिटांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे आणि त्यात संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हा विषय हवाच. वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. हे सगळं हवंच. पण बघा, माझी चूक या चाळणीतून आरामात सुटली. ती चोरलेली नव्हती, रीतसर संदर्भ देऊन घेतलेली होती. सॉफ्टवेअर शब्द जुळवून बघतं, फाल्गुन बघत नाही.

ब्रिटनमध्ये २००२ साली गॅरेथ रॉबर्ट्स यांच्या अहवालाने विज्ञान-अभियांत्रिकीच्या संशोधक विद्यार्थ्यांना वर्षाला किमान दोन आठवडे कौशल्य-प्रशिक्षण द्यावं, असं सुचवलं. भर होता कुठेही उपयोगी पडणाऱ्या कौशल्यांवर: संवाद, व्यवस्थापन वगैरे. आपल्याकडेही हल्ली कौशल्य म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. पण पेडण्यावर काम करणाऱ्याला इथेच लागणारी कौशल्यं आधी हवीत.

एक उदाहरण देतो. पोर्तुगीज कागदात ‘अलोर्ना’ दिसलं की ते आमचं शापोरा नदीकाठचं हळर्ण, हे कळायला हवं. १७४६ मध्ये व्हाइसरॉयने तिथला किल्ला घेतला आणि पुढे त्याला पदवीच मिळाली ‘मार्क्विस ऑफ अलोर्ना’. लिस्बनच्या सरदाराचं नाव पेडण्यातल्या गावावरून पडलंय! ‘नारोआ’ म्हणजे नार्वे, ‘सांकेली’ म्हणजे साखळी. हे ज्याला ठाऊक नाही तो सूची चाळतो आणि ‘डिचोलीवर काही सापडलं नाही’ असं लिहून मोकळा होतो.

पांडुरंग पिसुर्लेकरांकडे बघा. १९६१ पर्यंत गोव्याचं पुराभिलेख सांभाळताना त्यांनी पोर्तुगीज दप्तर मराठी इतिहासाच्या अंगाने वाचलं आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ मराठीत लिहिलं. दोन्ही बाजूंचे कागद समोरासमोर ठेवणं, हीच त्यांची पद्धत आणि हेच त्यांचं कौशल्य. आज ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात इतिहास, मराठी, पोर्तुगीज तिन्ही विषय एकाच आवारात आहेत. बारापैकी चार क्रेडिटं मोडी वाचन, पोर्तुगीज हस्तलिखित आणि कालगणना यांना द्यायला वेगळी इमारत लागणार नाही.

मोडी दोन आठवड्यांत येत नाही, कबूल. पण शक-सनाचा हिशेब एका दुपारी येतो. नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दारावर शिवरायांच्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे, शके १५९०, कार्तिक. विद्यार्थ्यांना तिथे उभं करून सन काढायला सांगा. नोव्हेंबर १६६८ आलं की मग माघातला एखादा कागद हातात द्या. माझ्यासारखे किती फसतात ते कळेल.

आपल्या मंडळालाही बोल लावायला हवा. आपण वाचन छापतो आणि मूळ कागदाचा फोटो घरी ठेवतो. यापुढे मी तरी फोटो, अक्षरशः वाचन आणि मूळ तिथी दिल्याशिवाय टिपण देणार नाही.

त्या विद्यार्थिनीला फोन केला. रागावली नाही. ‘सर, कागद बघायला मिळेल?’ एवढंच विचारलं. आम्ही गेलो. घरवाल्यांनी पत्र्याची ट्रंक काढून दिली आणि म्हणाले, लवकर काय ते करा, घर पाडायचं ठरलंय. मोपाचा विमानतळ आल्यापासून पेडण्यात अशी घरं मी बरीच जाताना पाहिली. ट्रंकेत असे आणखी तीसेक कागद होते. तिने सगळ्यांचे फोटो घेतले. वाचता तिला एकही आला नाही. दर रविवारी ती आता माझ्याकडे मोडी शिकायला येते, पदवी हातात पडल्यानंतर.