उन्हाळ्यातील तलावनगर : ठाणे-कल्याण परिसराच्या स्थलवर्णनांची चिकित्सा

प्रस्तावना :

उत्तर कोकणातील ठाणे शहराचा उल्लेख मराठीत 'तलावांचे शहर' असा केला जातो. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन, रायलादेवी, आंबे घोसाळे ही नामावली शहराच्या बहुतेक वर्णनांत आढळते. महानगरपालिकेच्या हद्दीत आज तीसहून अधिक तलाव मोजले जातात. पूर्वी ही संख्या साठच्या घरात होती, असे परंपरेने सांगितले जाते. ही दोन विधाने अनेकदा एकाच परिच्छेदात येतात. मधले तलाव कोठे गेले, हा प्रश्न मात्र त्या परिच्छेदात क्वचितच उपस्थित होतो.

गॅझेटियर, नगरपालिका-महानगरपालिकांच्या स्मरणिका, दैनिकांच्या स्थानिक पुरवण्या आणि एकदिवसीय सहलींची पुस्तके यांतून या परिसराचे स्थलवर्णन घडत आले आहे. हे वर्णन प्रामुख्याने भरलेल्या तलावाचे आणि काठावरून केलेले आहे. चैत्र ते ज्येष्ठ या काळात, पाणी उतरलेले असताना, हेच शहर व त्याचा परिसर पाहिल्यास या वर्णनांची मर्यादा उघड होते. उन्हाळा हा या स्थलवर्णनांचा कस पाहणारा ऋतू आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. बंदराकडून तलावाकडे :

ठाणे व कल्याण यांची प्राचीन ओळख खाडीची आणि बंदराची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस'मध्ये कल्याणचा उल्लेख बंदर म्हणून येतो. शिलाहारांच्या काळात ठाणे 'श्रीस्थानक' या नावाने ओळखले जात होते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात सापडलेला अरिकेसरीचा शके ९३९ (इ. स. १०१७) चा ताम्रपट हे त्या कालखंडाचे महत्त्वाचे साधन आहे. मार्को पोलोच्या वृत्तान्तात 'ताना' येते ते व्यापारी राज्य म्हणून. या सर्व वर्णनकारांच्या दृष्टीने नगराचे महत्त्व समुद्राशी असलेल्या संबंधात होते.

खाडी गाळाने उथळ होत गेली व व्यापार मुंबईकडे वळला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा रेल्वेप्रवास सुरू झाला आणि मे १८५४ मध्ये ही वाट कल्याणपर्यंत पोहोचली. पाहुणा आता गलबताने न येता गाडीने येऊ लागला. शहराचे तोंड खाडीकडून स्थानकाकडे वळले. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेला मासुंदा तलाव आणि त्याच्या काठचे कौपिनेश्वराचे मंदिर शहराचे दर्शनी चित्र बनले. म्हणजेच 'तलावांचे शहर' ही ओळख तलावांइतकी जुनी नाही. बंदराची ओळख मावळल्यानंतर रिकाम्या झालेल्या जागी ती स्थिरावली.

२. स्थळ एका खंडात, ऋतू दुसऱ्या खंडात :

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. परिसराच्या अभ्यासकाला आजही या ग्रंथापासून आरंभ करावा लागतो. त्यातील माहितीची व्याप्ती थक्क करणारी आहे; तथापि तिची रचना चिकित्सेस पात्र आहे. नद्या, तळी व हवामान यांचे विवेचन तेराव्या खंडाच्या आरंभी येते. प्रेक्षणीय स्थळे मात्र चौदाव्या खंडात वर्णानुक्रमाने येतात. परिणामी स्थळाला स्वतःचा ऋतू राहत नाही. अमुक तलाव कोठे आहे हे एका पानावर कळते. त्या तलावाचे वैशाखात काय होते, हे ताडून पाहण्याचे काम वाचकावर सोपवले जाते.

मराठी स्थलवर्णनाने गॅझेटियरमधील माहिती उचलली आणि तिच्यासोबत ही विभागणीही स्वीकारली. स्मरणिकांतील तलावविषयक लेखात नाव, क्षेत्र, काठचे देऊळ, सुशोभीकरण आणि नौकाविहार असा क्रम दिसतो. पाणी कोणत्या ओढ्यातून येते, ते कोण वापरीत असे, ते कधी आटते या बाबींना त्या क्रमात स्थान नाही.

३. उन्हाळा म्हणजे पलायन :

या परिसराच्या लेखनात उन्हाळा अगदीच अनुपस्थित आहे, असे नाही. तो येतो तो शहर सोडून जाण्याचा काळ म्हणून. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे मे १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर गेले आणि तेथील थंड हवेच्या ठिकाणाचा पाया घातला गेला. गॅझेटियरमधील माथेरानची नोंद दीर्घ व जिव्हाळ्याची आहे. अधिकाऱ्याचा उन्हाळा डोंगरावर जाई; पुढे चाकरमान्यांच्या डोंबिवली-कल्याणमधील मुलांचा उन्हाळा मामाच्या गावी जाऊ लागला. या दोन स्थलांतरांत सामाजिक अंतर मोठे असले तरी स्थलवर्णनावर त्यांचा परिणाम एकच झाला. शहर सर्वाधिक उघडे पडते त्याच महिन्यांत त्याचे वर्णन करणारा माणूस तेथे नसे. शहरात राहणाऱ्यांचा उन्हाळा, म्हणजे पाणीकपात, पिंपांची रांग आणि टँकरची वाट, बातमीचा विषय झाला. स्थलवर्णनाचा विषय तो होऊ शकला नाही.

४. 'ऋतुचक्र'ची पद्धत आणि तिची मर्यादा :

मराठीत याला पर्याय उपलब्ध नव्हता, असे म्हणता येत नाही. दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या ग्रंथात महिना हा निरीक्षणाचा घटक आहे. चैत्रापासून पुढे एकेक महिना घेऊन झाडे, पाखरे व आकाश यांतील बदल त्यात टिपले आहेत. स्थळ स्थिर नसते, ते महिन्यामहिन्याने बदलते, ही जाणीव या ग्रंथाने मराठी गद्याला दिली. उन्हाळा हा उणिवेचा ऋतू नसून मोहोर, पालवी व फळे यांनी भरलेला ऋतू आहे, हेही त्याने दाखवून दिले.

तथापि या पद्धतीलाही मर्यादा आहे. तिचे लक्ष निसर्गाच्या लयीकडे आहे. नळ, धरण, नगरपालिका आणि पाण्यावरील हक्क हा तिचा विषय नाही. म्हणून तलावनगराच्या वर्णनासाठी 'ऋतुचक्र'ची ऋतुदृष्टी आणि गॅझेटियरची नोंदवृत्ती यांची सांगड घालावी लागते. यांपैकी एकाच ग्रंथाचा आधार घेतल्यास वर्णन अपुरे राहते.

५. एका उन्हाळ्याचे वाचन :

अशा दृष्टीने एक उन्हाळा या परिसरात घालविणाऱ्या अभ्यासकास काय दिसेल? मासुंद्याच्या काठी, म्हणजे तलावपाळीवर, संध्याकाळी सर्व थरांतील माणसे एकत्र येतात. १९७८ मध्ये उभे राहिलेले गडकरी रंगायतन याच काठावर आहे. काठाचे हे सार्वजनिक मोल नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु मे महिन्यात काठावरून खाली पाहिल्यास बांधीव भिंत आणि उतरलेले पाणी यांतील अंतर दिसते. भिंतीमुळे काठ देखणा होतो. त्याच वेळी आजूबाजूच्या जमिनीवरून तलावात झिरपणाऱ्या पाण्याची वाट अडते. साचलेल्या सेंद्रिय द्रव्यामुळे शेवाळ माजते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. सुशोभित तलाव आणि जिवंत तलाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उन्हाळा सांगतो.

उपवनापासून येऊरच्या डोंगराकडे गेल्यास पाण्याचा उगम समजतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या या भागात पळस फुलून गेलेला, बहावा फुललेला आणि करवंदे पिकलेली असतात. पाड्यांवरील आदिवासी स्त्रिया हा रानमेवा शहरात आणून विकतात. डोंगर, ओढा, तलाव आणि खाडी ही एकच उतरंड आहे. वर्णनांनी तिचे चार सुटे 'पॉइंट' केले. तिच्या तळाशी असलेल्या ठाणे खाडीत मे महिन्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे असतात. या खाडीतील अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. बंदर म्हणून विसरली गेलेली खाडी पाणथळ म्हणून पुन्हा वर्णनात येत आहे, ही बाब लक्षणीय आहे.

कल्याणात शेनाळे तलावाला पुढे काळा तलाव व नंतर भगवा तलाव ही नावे मिळाली. नावांच्या या बदलात नगराच्या सत्तेचा व अस्मितेचा इतिहास वाचता येतो. पाण्याच्या स्थितीविषयी मात्र तीनही नावे काही सांगत नाहीत. याउलट टिटवाळ्याची परंपरा पाहण्यासारखी आहे. माधवराव पेशव्यांच्या काळात पाण्याच्या टंचाईमुळे तेथील तलावाचा गाळ काढताना देवस्थान सापडले, अशी ती कथा आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा निर्णय येथे अभिप्रेत नाही. महत्त्वाचे हे की लोकपरंपरेने टंचाई, गाळ आणि श्रमाचे काम यांची आठवण देवाच्या कथेत जपली. अनेक आधुनिक स्मरणिकांना हे साधलेले नाही.

या वाचनाचा शेवट शहापूर तालुक्यात होतो. तानसा (१८९२) आणि भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते. भातसेचे पाणी ठाण्यालाही मिळते. त्याच तालुक्यातील गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण येथे अलंकार राहत नाही. कल्याण-डोंबिवलीची तहान भागविणाऱ्या उल्हास नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. दुरून तो कुरणासारखा सुंदर दिसतो. केवळ काठावरून केलेले वर्णन किती फसवे ठरू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

निष्कर्ष :

१. 'तलावांचे शहर' ही ठाण्याची ओळख बंदराच्या ऱ्हासानंतर दृढ झाली. ती स्थानकाकडून येणाऱ्या पाहुण्याच्या नजरेने घडली.

२. गॅझेटियरने स्थळ व ऋतू यांची केलेली विभागणी मराठी स्थलवर्णनाने चिकित्सेशिवाय स्वीकारली. त्यामुळे तलाव हे दृश्य बनले आणि जलव्यवस्था म्हणून त्यांचा विचार मागे पडला.

३. पाण्याचा उगम, उपयोग आणि त्यावर अवलंबून असलेली माणसे यांची नोंद नसल्याने तलाव बुजला तरी वर्णनात फक्त आकडा बदलतो. साठाचे तीस झाले, तरी विशेषण तेच राहिले.

४. पुढील काळात या परिसराचे स्थलवर्णन लिहिताना ऋतू, उगम आणि वापर हे तीन निकष अनिवार्य मानावेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या उन्हाळी क्षेत्रभेटींतून महिनावार नोंदी ठेवल्या गेल्यास मराठी, भूगोल व पर्यावरणशास्त्र या विषयांना समान साधन उपलब्ध होईल. जे तलाव उरले आहेत, त्यांच्या बाजूने उद्या कोणास बोलावयाचे झाल्यास अशा नोंदींचाच आधार घ्यावा लागेल.