पिसाचा भाव आणि लेबलची किंमत : ‘द फेदर थीफ’ संशोधकाच्या नजरेने

आजचं पुस्तक संशोधन-पद्धतीवरचं नाही, चोरीवरचं आहे. तरीही पीएचडीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं मला वाटतं. एक तर त्यात ‘डेटा म्हणजे काय’ हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नीट कळतं. दुसरं म्हणजे त्यात विश्लेषणाची एक कमतरता आहे, आणि ती आपल्या सिनॉप्सिसमध्येही हमखास सापडते.

पुस्तकाचं नाव ‘द फेदर थीफ’, लेखक कर्क वॉलेस जॉन्सन, प्रकाशन २०१८. गोष्ट थोडक्यात अशी. जून २००९ मध्ये लंडनमध्ये बासरी शिकणारा एडविन रिस्ट हा अमेरिकन तरुण रात्री ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची खिडकी फोडून आत शिरला आणि पक्ष्यांची २९९ कातडी सुटकेसमध्ये भरून घेऊन गेला. त्यात आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलाय द्वीपसमूहात गोळा केलेले पक्षीही होते. ही चोरी कशासाठी? तर मासे पकडायच्या ‘फ्लाय’ बांधायला लागणाऱ्या पिसांसाठी. ही पिसं इतकी महाग विकली जातात की पुढे न्यायालयाने सव्वा लाख पौंडांच्या आसपास जप्तीचा आदेश काढला. शिक्षा मात्र बारा महिन्यांची, तीही स्थगित.

मासे पकडायच्या सामानाला एवढा भाव का, हा पुस्तकातला खरा प्रश्न आहे. जॉन्सन तो विचारतात, पण माझ्या मते त्याचं उत्तर पूर्ण देत नाहीत.

आधी सामान समजून घेऊ

आपल्याकडे गड नदीवर किंवा जानवलीच्या कोंडीवर गरवायला बसणाऱ्या माणसाचं सामान किती असतं? एक काठी, तंगूस, गरी, शिशाचा तुकडा आणि डब्यात गांडुळं. आमिषाला आणि शिशाला वजन असतं, त्या वजनामुळे तंगूस लांब जातो.

फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं असतं. फ्लाय म्हणजे गरीवर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच, मग तो फेकायचा कसा? तर वजन दोरीत ठेवतात. दोरी जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. ती हवेत मागे-पुढे झुलवत पाण्यावर सोडायची. त्यासाठी काठी योग्य तेवढीच लवचिक लागते. म्हणजे इथे काठी, दोरी, रीळ हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं आणि म्हणून ते वेगळं बनवावं लागतं. या किमतीला काम आहे. हा पहिला थर.

दुसरा थर मजुरीचा. बांबूची जुन्या पद्धतीची फ्लाय रॉड करताना चीनमधल्या एका विशिष्ट बांबूच्या सहा पट्ट्या हाताने रंधून, चिकटवून षटकोनी काठी करतात. कारागिराचे कित्येक तास त्यात जातात. आज कार्बन फायबरची काठी हलकी मिळते आणि मासा तिनेही लागतो. तरी बांबूची महाग, कारण गिऱ्हाईक तिथे कारागिराच्या वेळेचे पैसे देतं.

तिसरा थर सगळ्यात विचित्र आहे, आणि पुस्तक त्याच थराबद्दल आहे. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमध्ये सॅमन माशासाठी अतिशय नटव्या फ्लाय बांधायची टूम निघाली. जॉर्ज केल्सनने १८९५ मध्ये ‘द सॅमन फ्लाय’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात पाककृतीसारख्या कृती दिल्या आहेत : शेपटीला अमुक पक्ष्याचं पीस, गळ्याला तमुक, पंखात आणखी पाच-सहा. आजही ‘क्लासिक’ फ्लाय बांधणारे लोक याच कृती पाळतात. गंमत म्हणजे अंडी घालायला नदीत शिरलेला अटलांटिक सॅमन जवळजवळ काही खातच नाही. तो फ्लायला तोंड लावतो, पण पीस नंदनपक्ष्याचं आहे की रंगवलेल्या कोंबडीचं, हे त्याला कळण्याचं काही कारण नाही. शिवाय या फ्लाय बांधणाऱ्यांपैकी अनेक जण मासेमारी करतच नाहीत.

म्हणजे तिसऱ्या थराच्या किमतीचा माशाशी संबंध नाही, आणि मजुरीशीही फारसा नाही. मग ती येते कुठून?

‘वेड’ हे उत्तर आहे का?

पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘ऑब्सेशन’ हा शब्द आहे आणि जॉन्सन यांचा सगळा भर त्यावर आहे. या लोकांना पिसांचं वेड आहे, वेडापायी ते वाट्टेल ती किंमत देतात, वेडापायी एकाने चोरी केली. वाचायला हे छान वाटतं आणि गोष्ट पुढे सरकते. पण संशोधक म्हणून इथे थांबून विचारायला हवं, की ‘वेड’ हे कारण झालं, की जे समजावून सांगायचंय त्यालाच दिलेलं दुसरं नाव?

साधी कसोटी लावू. वेड हेच कारण असेल, तर नेमक्या याच पक्ष्याच्या याच पिसाला भाव का, हे वेडावरून सांगता यायला हवं. ते सांगता येत नाही. केल्सनच्या कृतीवरून मात्र लगेच सांगता येतं. कृतीत नाव आहे म्हणून भाव आहे. एखादा तितकाच सुंदर पक्षी कृतीत नसेल, तर या बाजारात त्याच्या पिसाला फारसं कोणी विचारणार नाही. म्हणजे किंमत ठरवणारी गोष्ट माणसाच्या डोक्यातलं वेड नसून एक छापील नियम आहे, आणि तो पाळणारा एक छोटा गट.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. ब्रिटनने १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला. १९७५ पासून साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. या कायद्यांनी पक्षी वाचले, ते हवेच होते. पण कृती बदलल्या नाहीत. मग आधीच देशात असलेल्या जुन्या पिसांवर, जुन्या टोप्यांवरच्या सजावटीवर सगळ्यांची नजर गेली. मागणी नियमाने गोठवलेली आणि पुरवठा कायद्याने थांबवलेला, अशा बाजारात भाव चढणारच. ही सगळी माहिती जॉन्सन यांच्याच पुस्तकात आहे. फक्त त्यांनी ती पार्श्वभूमी म्हणून वापरली आणि कारणाच्या जागी माणसाचा स्वभाव बसवला.

इथे काही जण म्हणतील, हे तर थॉर्स्टीन वेब्लेन. १८९९ च्या ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’मध्ये त्याने दिखाव्यासाठी केलेल्या खर्चाची कल्पना मांडली. ‘महाग आहे म्हणूनच हवं’ हे वाक्य आपण कुठल्याही सेमिनारमध्ये वेब्लेनच्या नावावर टाकून मोकळे होतो. पण जरा तपासा. दिखाव्याला बघणारा लागतो आणि त्याला महाग वस्तू ओळखता यावी लागते. खरं पीस आणि रंगवलेलं पीस यातला फरक रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही, शेजाऱ्याला कळत नाही. कळतो तो त्याच गटातल्या दुसऱ्या फ्लाय बांधणाऱ्याला. तेव्हा हे चारचाकी दारात उभी करण्यासारखं कमी आणि जुनी तिकिटं जमवण्यासारखं जास्त आहे. इथे प्रश्न श्रीमंती दाखवण्यापेक्षा अस्सलपणाचा आहे. थिअरी जिथे अर्धीच बसते, तिथे ती नेमकी कुठपर्यंत बसते हे लिहिणं म्हणजेच विश्लेषण. नुसतं नाव घेणं म्हणजे विश्लेषण नाही.

भाव बाहेरूनही चढू शकतो, याचं एक चांगलं उदाहरण २०११ चं आहे. अमेरिकेत तेव्हा केसांत लांब पिसं माळायची फॅशन आली. ही पिसं फ्लायसाठी मुद्दाम पैदास केलेल्या कोंबड्यांची होती. सलूनवाल्यांनी ती उचलली आणि मासेमारीच्या दुकानांत टंचाई झाली, भाव भडकले. मासेमारांचं वेड काही रातोरात वाढलं नव्हतं.

रानकोंबो कुठे आहे?

माझा दुसरा आक्षेप आपल्या बाजूने आहे. क्लासिक फ्लायमध्ये ‘इंडियन क्रो’ नावाचं केशरी-लाल पीस फार मानाचं. ते ना भारतातलं, ना कावळ्याचं. दक्षिण अमेरिकेतल्या एका फळं खाणाऱ्या पक्ष्याचं आहे. व्यापाऱ्यांनी दिलेलं नाव तसंच चिकटलं. याउलट ‘जंगल कॉक’ म्हणून जे पीस असंख्य फ्लायच्या गालावर लावतात, ते खरोखर भारतातलं. आपला रानकोंबडा, मालवणीत रानकोंबो. नराच्या मानेवरच्या पिसांना मेण सांडल्यासारखे चकचकीत पिवळट-पांढरे ठिपके असतात, त्यासाठी ही ओढ. हा पक्षी फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडतो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात पहाटे त्याची बांग ऐकलेली माणसं आपल्या तालुक्यात भरपूर असतील. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. ब्रिटनमध्ये पिसांसाठी तो पिंजऱ्यात वाढवतात.

एकेकाळी ही पिसं इथून जहाजाने जात होती. ती कोणी पकडली? फासे कोणी लावले, हातात काय पडलं, मधल्या दलालाने किती घेतलं? पुस्तकाच्या पहिल्या भागाचं शीर्षक मेलेले पक्षी आणि श्रीमंत माणसं अशा अर्थाचं आहे आणि रोखही तसाच आहे. विकत घेणारा दिसतो, पकडणारा फारसा दिसत नाही. वॉलेसचे कितीतरी पक्षी त्याचा मदतनीस अली याने मिळवले होते. अशा माणसांच्या बाजूने पाहिलं तर ‘महाग’ या शब्दाचा अर्थच बदलतो. वस्तू कोणत्या टप्प्यावर महाग झाली, हे न सांगता ‘किंमत जास्त आहे’ म्हणणं अपुरं आहे.

लेबल

आता या पुस्तकातली सगळ्यात चांगली गोष्ट. म्युझियममधल्या प्रत्येक कातड्याच्या पायाला एक छोटं लेबल बांधलेलं असतं. कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केला. चोराच्या घरातून १७४ पक्षी अख्खे परत मिळाले. पण त्यांतल्या फक्त १०२ पक्ष्यांच्या पायाला लेबल शिल्लक होतं. उरलेले ७२ पक्षी दिसायला तसेच होते, पिसं जागच्या जागी होती. बाजारात त्यांचा भाव काडीनेही उतरला नसता. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र ते जवळजवळ संपले.

असं का? लेबल असलेल्या नमुन्याला असे प्रश्न विचारता येतात, जे गोळा करणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते. डेरेक रॅटक्लिफने १९६७ मध्ये संग्रहांतली जुनी अंडी मोजून दाखवलं, की बहिरी ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचं कवच १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पातळ झालंय. डीडीटीविरुद्धच्या पुराव्यात ते काम महत्त्वाचं ठरलं. अंडी गोळा करणाऱ्यांच्या वेळी डीडीटी हा विषयच नव्हता. त्यांनी फक्त तारीख आणि ठिकाण लिहून ठेवलं. समुद्रपक्ष्यांच्या जुन्या पिसांतून पाऱ्याचं प्रदूषण कसं वाढत गेलं हेही असंच मोजलं गेलं. वॉलेसचं तर सगळं कामच ‘कुठे’ या शब्दावर उभं आहे. बाली आणि लोंबोक ही बेटं समोरासमोर, पण पक्षी वेगळे. नमुन्यांवर बेटाचं नाव नसतं, तर ती रेषा दिसलीच नसती.

म्हणून माझ्या मते या पुस्तकाचा गाभा असा : एकाच वस्तूच्या दोन किमती असतात आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत. बाजाराला पीस हवं, लेबल अडचणीचं, कारण ते चोरी उघड करतं. संशोधनाला लेबल हवं, मग पीस विटलेलं असलं तरी चालेल. जॉन्सन यांनी हे सोप्या भाषेत, कुठेही पंडिती न करता दाखवलंय. त्यासाठी त्यांना पूर्ण मार्क.

आपल्या कामासाठी

तुम्ही पक्षी गोळा करणार नाही, मुलाखती गोळा कराल. मालवणात रापणकरांशी बोलाल, देवगडात ट्रॉलरवाल्यांशी. मोबाइलमध्ये चाळीस रेकॉर्डिंग जमतील आणि फाइलची नावं असतील ‘नवीन १’, ‘नवीन २’. दीड वर्षाने विश्लेषणाला बसाल तेव्हा तो माणूस पावसाळ्याच्या बंदीत बोलला की हंगामात, स्वतःची होडी असलेला की वाट्यावर जाणारा, हे आठवणार नाही. ही बिनलेबलची कातडी. त्यातलं वाक्य सुंदर असेल, प्रबंधात कोट म्हणून शोभेलही, पण पुरावा म्हणून उभं राहणार नाही. म्हणून त्याच दिवशी, घरी यायच्या आधी, एसटीत बसल्या बसल्या तारीख, ठिकाण, हंगाम आणि माणसाचं कामातलं स्थान लिहून टाका. नाव गुप्त ठेवायचं असेल तर कोड द्या, पण बाकीचं लिहाच.

आणि एक सराव. आपल्या भागातलं मासेमारीचं कोणतंही एक साधन घ्या : गरी, पाग, रापण, पर्ससीन, काहीही. ‘हे महाग आहे का?’ असं न विचारता तीन प्रश्न विचारा. किमतीचा किती भाग कामाचा, किती मजुरीचा आणि किती कोणाच्या तरी नियमाचा? ती किंमत एकटा देतो की रापणीसारखे अनेक जण वाटून घेतात? आणि कोणत्या टप्प्यावर ती चढते? तिन्ही उत्तरं एका पानात लिहिता आली, तर तुमच्याकडे सिनॉप्सिसचा पहिला कच्चा मसुदा तयार आहे.

मुंबईला गेलात तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाबद्दल जरूर चौकशी करा. हुमायून अब्दुलअलींनी तिथल्या पक्ष्यांची सूची वर्षानुवर्षं खपून केली. पक्षी बघण्याआधी त्यांच्या पायाकडे बघा.