चित्रतबकड्यांची स्पर्धा आणि मराठी चित्रपटाचा पाठ

उच्च स्पष्टतेच्या चित्रतबकड्यांचे दोन प्रकार, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे, यांच्यात २००६ ते २००८ या काळात जी स्पर्धा झाली, तिचे वर्णन बहुधा रणांगणाच्या परिभाषेत केले जाते. एका पक्षाचे सेनापत्य तोशिबाकडे, दुसऱ्याचे सोनीकडे. हॉलिवुडच्या निर्मितिसंस्था कधी या छावणीत तर कधी त्या छावणीत. अशा वर्णनाने उत्कंठा वाढते हे खरे. परंतु चित्रपट ही कलाकृती मानून तिचा अभ्यास करणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नाही. त्याच्या दृष्टीने प्रश्न निराळाच आहे. या झगड्यात कलाकृतीचा पाठ कोणत्या बाजूस होता? आणि मराठी चित्रपटापुरते बोलावयाचे तर, तो पाठ त्या मैदानात होता तरी काय?

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, चित्राच्या गुणवत्तेबाबत दोन्ही पक्षांत सांगण्याजोगा भेद नव्हता. दोहोंचे चित्र १९२० आडव्या व १०८० उभ्या बिंदूंचे. दोहोंचा प्रकाशकिरण ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळसर जांभळा. चित्रसंक्षेपाच्या पद्धतीही त्याच. भेद होता तो तबकडीच्या शरीररचनेत. एचडी डीव्हीडीने जुन्या डीव्हीडीप्रमाणे ०.६ मिलिमीटर जाडीचे आवरण कायम ठेवले. त्यामुळे जुन्या कारखान्यांत थोड्याफार फेरफाराने तिचे उत्पादन शक्य होते, पण एका थरावर १५ गिगाबाइटच मावत. ब्लू-रेने आवरण ०.१ मिलिमीटरवर आणले, २५ गिगाबाइटची जागा मिळविली आणि त्यासाठी महागडी नवी यंत्रसामग्री पत्करली. म्हणजे वाद ग्रंथाविषयी नसून बांधणीविषयी होता. निकालही प्रेक्षकांच्या नेत्रांनी दिला नाही. दोन्ही प्रकारांत चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर संस्थेने ४ जानेवारी २००८ रोजी आपण यापुढे केवळ ब्लू-रेच काढणार असे घोषित केले, आणि १९ फेब्रुवारीस तोशिबाने माघार जाहीर केली. 'उत्तम ते टिकते' हे सूत्र या प्रकरणास लावणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांनी पराभूत तबकडीत नेमके काय उणे होते, हे क्वचितच सांगितले आहे.

एक गोष्ट मात्र विजयी तबकडीत अधिक होती, आणि ती अभ्यासकाला प्रतिकूल होती. एचडी डीव्हीडीवर प्रदेशसंकेताचे बंधन नव्हते. ब्लू-रेवर ते आहे. तिने जगाचे तीन विभाग पाडले व भारताला तिसऱ्यात घातले. एका विभागाचे कुलूप असलेली तबकडी दुसऱ्या विभागातील यंत्र वाचीत नाही. हे कुलूप घालणे प्रकाशकाच्या मर्जीवर असते, हे येथे नमूद केले पाहिजे. तथापि मर्जी प्रकाशकाची, वाचकाची नव्हे. मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत बांधले गेल्यामुळे ते शतकानुशतके पंथाबाहेरील वाचकाला अगम्य राहिले, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिची किल्ली संशोधकांच्या हाती आली तेव्हा मराठी गद्याचा इतिहासच नव्याने मांडावा लागला. तेथे गुप्ततेमागे श्रद्धा होती, येथे बाजारपेठेची वाटणी आहे. पण वाचकाच्या वाट्याला येणारा परिणाम दोन्हीकडे एकच.

आता मराठी मुलखाकडे वळावे. धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावाच्या दृष्टीने ही सारी स्पर्धा दूरची होती. तोशिबा आणि सोनी झगडत होत्या त्या वर्षांत मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत घरी चित्रपट पाहावयाचा तो व्हीसीडीवर, आणि वीज असेल तेव्हा. १९९३ साली मान्य झालेली ही तबकडी पाश्चात्त्य देशांत फारशी रुजलीच नाही. तेथील इतिहासकार तिला एखाद्या तळटीपेत उरकतात. भारतात मात्र तिने ध्वनिचित्रफितीची जागा घेतली. पुढे डीव्हीडी स्वस्त झाली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली. येथली खरी स्पर्धा ही, अवघ्या सहा रुपयांच्या अंतराची. हॉलिवुडच्या बैठकांतून तिचा निकाल लागणार नव्हता; घरात कोणते यंत्र आधीच येऊन बसले आहे, यावर तो अवलंबून होता.

या व्हीसीडीने मराठी चित्रपटाच्या पाठाचे काय केले? तिचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एक लाख बिंदूंचे. ब्लू-रेच्या चित्रात ते वीस लाखांहून अधिक असतात. कृष्णधवल चित्रपटातील अंधाऱ्या माजघराचे दृश्य या संक्षेपात चौकटीचौकटींनी फुटते. दिग्दर्शकाने छायेत ठेवलेला चेहरा दिसेनासा होतो, आणि समीक्षक 'प्रकाशयोजना सपाट आहे' असा अभिप्राय लिहून मोकळा होतो. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटेच मावत असल्याने अडीच तासांच्या चित्रपटास किमान दोन तबकड्या लागत. जेथे पहिली संपते तेथे मध्यंतर असेलच असे नाही. कित्येकदा प्रसंगाच्या ऐन भरात पडदा काळा होई. मूळ पटकथेत नसलेला हा अंकविभाग.

सर्वांत सूक्ष्म, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित, फरक गतीचा आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने चित्रित होतो. आपल्याकडील पाल दूरचित्रवाणी पद्धत २५ चित्रांची. ही अडचण सोडविण्याचा रूढ मार्ग म्हणजे सबंध चित्रपट किंचित वेगाने फिरविणे. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, आणि स्वर वेगळा सावरून घेतला नाही तर प्रत्येक आवाज अर्धस्वराच्या सुमारे सात-दशांशांनी चढतो. मराठी चित्रपटाच्या परंपरेत हा तपशील किरकोळ नव्हे. १९३६ च्या 'संत तुकाराम'सारख्या चित्रपटात अभंगगायन हा आशयाचाच भाग आहे. तेथे गायकाची पट्टी, लय आणि दम यांविषयी अशा प्रतीवरून केलेले विधान मुळातच डळमळीत ठरते. ब्लू-रे व एचडी डीव्हीडी या दोन्ही प्रकारांनी २४ चित्रांची मूळ गती जशीच्या तशी नोंदविण्याची सोय केली. बिंदूंच्या संख्येचा गाजावाजा झाला, या सोयीचा झाला नाही. वास्तविक पाठाच्या दृष्टीने मोलाची सुधारणा तीच.

यावरून व्हीसीडीची हेटाळणी करणे मात्र अन्यायाचे होईल. पोथी शुद्ध असते म्हणून वाचली जाते असे नाही; ती हाताशी असते म्हणून वाचली जाते. शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करावी लागली, कारण ती अनेक हातांनी उतरविली गेली होती. ती कोणी उतरविलीच नसती तर शुद्ध करावयास काय उरले असते? २८ रुपयांच्या तबकडीने मराठी चित्रपट बेंबळीसारख्या गावच्या घरात नेला, आणि अनेक विद्यार्थ्यांचा या कलेशी पहिला परिचय तिनेच करून दिला. तिचा दोष एवढाच की ती नक्कल आहे, आणि विद्यापीठांत तिला मूळ प्रत समजून वागविले गेले.

राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आपली आवृत्ती काढली, तेव्हा आधारभूत पोथी पाटांगणची आहे हे सांगणे त्यांना अवश्य वाटले. त्यांचा पाठ मान्य नसलेल्यांनाही वाद घालावयास निश्चित भूमी मिळाली, ती त्यामुळे. चित्रपटावरील प्रबंधांतून एवढी साधी नोंदही बहुधा नसते: पाहिलेली प्रत कोणती, तबकड्या किती, कालावधी किती मिनिटांचा, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील प्रतीशी ती ताडून पाहिली काय. कालावधीची नोंद असती, तरी गतीचा दोष तत्काळ पकडता आला असता.

तबकडीचा काळ तर आता मावळत चालला आहे. नेटफ्लिक्सने प्रक्षेपणसेवा २००७ मध्ये, म्हणजे तबकड्यांची स्पर्धा ऐन भरात असताना सुरू केली, आणि २०२३ मध्ये टपालाने तबकड्या पाठविणे बंद केले. नव्या संगणकांत तबकडीसाठी खाचच नसते. संगणकावरून आज जे जुने मराठी चित्रपट पाहावयास मिळतात, त्यांतील कित्येक त्याच व्हीसीडींवरून चढविलेले आहेत: तीच फुटकी छाया, मध्येच काळा होणारा तोच पडदा, कोपऱ्यात वितरकाची तीच मुद्रा. फरक इतकाच की तबकडीच्या वेष्टनावर ती कोणी, केव्हा काढली हे छापलेले असे. येथे तेही नाही.