सुवर्णवर्ख आणि कांद्याची पात

नोव्हेंबर २०२१ मध्ये लंडनमधील एका भोजनगृहात व्हिएतनामचे तत्कालीन लोकसुरक्षामंत्री तो लाम यांना एका तुर्की बल्लवाने सोन्याचा वर्ख लावलेले मांस स्वहस्ते भरविले. त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर प्रसृत झाली व लवकरच काढूनही टाकण्यात आली. वर्खाला स्वतःची चव नसते. तो जिभेसाठी नव्हे, प्रेक्षकासाठीच असतो. हेतू अर्थात विस्मयाचा. परंतु त्या वर्षीच्या टाळेबंदीत होरपळलेल्या अनेक व्हिएतनामी प्रेक्षकांत विस्मयाऐवजी क्रोध उपजला. अद्भुताचा विभाव रौद्राचा कसा होतो, याचे उत्तर पदार्थात नसून खाणाऱ्याच्या पदात आहे.

अधिक विचारार्ह आहे तो पुढचा हास्यरस. दा नांग येथील एका शेवयाविक्रेत्याने त्या बल्लवाच्या मीठ भुरभुरण्याच्या ऐटीत शेवयांच्या वाडग्यावर कांद्याची पात सोडली. हास्याचा उगम भरताने शृंगाराच्या अनुकृतीत पाहिला; अभिनवगुप्ताने ते क्षेत्र इतर रसांपर्यंत विस्तारिले. येथे अनुकृती ऐश्वर्याची आहे, आणि तिला साहित्य लागले ते मूठभर पातीचे! क्रोधाने वर्खाचे महत्त्व एका परीने मान्यच केले होते. या अनुकृतीने ते उरू दिले नाही.

२०२३ मध्ये त्या विक्रेत्यास राज्यविरोधी प्रचाराबद्दल साडेपाच वर्षांचा कारावास झाला. अभियोग त्याच्या अन्य प्रकाशित मजकुराबद्दल होता, हे खरे. पण पातीच्या चित्रफितीनंतर लगेचच पोलिसांनी त्यास चौकशीस बोलाविले होते.