हळदीत बुडवलेली चकती

दाढ किडली की पूर्वी 'चांदी' भरत. चांदी, कथील आणि तांबे यांच्या पुडीत पारा कालवून ते भरण तयार होई. आता सातारा असो की सांगली, दवाखान्यात गेलेल्या माणसाला बहुधा दाताच्या रंगाचे भरण सुचवले जाते. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून पाऱ्याचे भरण अपवाद वगळता बंदच केले. पांढरे भरण किती डागाळते आणि किती झिजते, हा प्रश्न त्यामुळे आता हौसेचा राहिलेला नाही.

या प्रश्नावर दंतवैद्यकाच्या प्रयोगशाळांतून शेकडो शोधनिबंध निघाले आहेत. त्यांतल्या भारतीय निबंधांचा एक निष्कर्ष आपल्या भागाने कान टवकारावेत असा आहे : चहा, कॉफी, शीतपेये आणि हळद यांत हळदीचा डाग बहुधा सर्वांत गडद पडतो. सांगली म्हणजे हळदीची पेठ. जवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे प्रसिद्ध आहेत, आणि साताऱ्याच्या वाई भागातही हळद पिकते. मग इथल्या लोकांनी पांढरे भरण करूच नये काय? निष्कर्ष खोटा नाही. पण तो ज्या चाचणीतून येतो, तिचे परीक्षण केल्याशिवाय तो तोंडात आणता येत नाही.

चाचणी साधी असते. भरणाच्या पदार्थाच्या एखाद्या सेंटिमीटर व्यासाच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करतात, त्या गुळगुळीत घासतात, यंत्राने त्यांचा रंग मोजतात आणि ३७ अंश सेल्सिअसला निरनिराळ्या द्रवांत काही दिवस किंवा आठवडे बुडवून ठेवतात. मग रंग पुन्हा मोजतात.

चकतीचा पदार्थ काय असतो ते आधी पाहू. अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत राफेल बोवेन यांनी एक घट्ट, चिकट राळ तयार केली आणि तिचे पेटंट १९६२ साली मिळाले. या राळेत काचेची किंवा सिलिकाची अतिबारीक पूड मिसळतात. वजनाने साधारण पाऊण भाग पूडच असते. राळ आणि पूड एकमेकांना धरून राहावीत म्हणून कणांवर सिलेन नावाच्या संयुगाचा लेप देतात. निळा प्रकाश पाडला की राळेचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि मऊ लगदा दगडासारखा होतो. पण सगळे रेणू गुंफले जात नाहीत. पाव ते निम्मे दुहेरी बंध तसेच शिल्लक राहतात. शिवाय राळ थोडे थोडे पाणी शोषत राहते. रंगाला आत शिरायला वाट मिळते ती इथे. काचेचा कण रंग घेत नाही, राळ घेते. हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन. त्याचा रेणू पाण्यात फारसा विरघळत नाही. त्याला तेल आणि राळ यांसारख्या पदार्थांचे सख्य अधिक. जेवणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यावर रश्शाचा पिवळा कट बसतो, त्याचेही कारण हेच.

आता चाचणीतला वेळेचा हिशोब पाहा. अनेक निबंधांत लिहिलेले असते की चोवीस तास बुडवणे म्हणजे तोंडातला एक महिना. हे कोठून आले? कॉफीवरून. एक कप प्यायला पंधरा मिनिटे, दिवसाला सरासरी ३.२ कप, म्हणजे रोज ४८ मिनिटे. तीस दिवसांची १४४० मिनिटे, म्हणजे बरोबर चोवीस तास. हिशोब चोख आहे, पण तो कॉफीचा आहे. आपण हळदीचे पाणी दिवसातून तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे घोट घेत पीत नाही. आमटीतली चिमूटभर हळद फोडणीच्या तेलातून येते, भाताबरोबर चावली जाते आणि लाळेने व पाण्याने बरीचशी धुतली जाते. कॉफीचे घड्याळ हळदीच्या मनगटावर बांधून 'सात महिन्यांनंतरचा रंग' असे म्हणणे मला मान्य नाही.

द्रवाचेही तसेच. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर हळद ढवळा आणि तासभर थांबा. बरीच हळद तळाशी बसलेली दिसेल. मग चकती तळाशी आडवी ठेवली होती की दोऱ्याने टांगली होती? आडवी असेल तर ती हळदीच्या लेपाखालीच होती. दुसरे असे की, उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी पाण्यात विरघळलेले कर्क्युमिन फार काळ टिकत नाही, त्याचे लवकर विघटन होते. पाणी रोज बदलले की आठवडाभर तेच ठेवले, यावर उत्तर अवलंबून राहते. हे तपशील न देता 'हळदीचे द्रावण' एवढेच लिहिणारा निबंध वाचकाला अर्धेच सांगतो. आणि तेल तर बहुतेक चाचण्यांत नसतेच.

प्रकाशाचा मुद्दा प्रत्येक घरात ठाऊक आहे. हळदीने पिवळा झालेला डबा किंवा सदऱ्यावरचा वरणाचा डाग उन्हात ठेवला की फिका होतो, कारण प्रकाशाने कर्क्युमिनचा रेणू तुटतो. बंद काचपात्रात अंधारात ठेवलेल्या चकतीला ही सवलत मिळत नाही. अर्थात दाढेलाही ती मिळत नाही. समोरच्या दातांना थोडी मिळते. म्हणजे एकाच पदार्थाचे समोरचे भरण आणि दाढेतले भरण यांना एकच निकाल लावता येणार नाही.

शेवटी रंगाचे गणित. रंग तीन आकड्यांत मांडतात : उजळपणा, लाल-हिरवेपणा आणि पिवळे-निळेपणा. आधीचा आणि नंतरचा रंग हे अवकाशातले दोन बिंदू धरून पायथागोरसच्या रीतीने त्यांतले अंतर काढतात. हे अंतर ३.३ च्या वर गेले की फरक खटकतो, असे पुष्कळ वर्षे मानत. अलीकडे ही मर्यादा २.७ धरतात. शाळेतला विद्यार्थीही ओळखील की अंतर सांगितले म्हणजे दिशा सांगितली असे होत नाही. हळदीने चकती पिवळेपणाच्या दिशेला सरकते, तंबाखूने ती तपकिरी आणि काळपट होते. पिवळेपणा काही अंशी परतीचा असतो, तपकिरीपणा सहसा आपोआप जात नाही. एकाच आकड्याने दोन्हींचा क्रम लावला की परतीचा डाग पहिला येतो आणि चिवट डाग मागे पडतो.

चाचणी अगदीच निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. एकाच द्रवात दोन पदार्थ बुडवून कोणता कमी रंगतो, किंवा पॉलिश केलेली आणि न केलेली चकती यांत फरक किती, हे ती चांगले सांगते. गुळगुळीत पृष्ठभाग कमी डागाळतो, हे तिनेच वारंवार दाखवले आहे.

आणि तिथेच तिची मोठी उणीवही दिसते. तोंडात गुळगुळीतपणा टिकत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर रस्त्यावरचे डांबर निघून खडी उघडी पडते, तसे मऊ राळ झिजून काचेचे कण वर येतात, मग काही कण निखळतात आणि खळगे राहतात. १९७० च्या दशकातल्या भरणांत हे कण काही दशांश मायक्रॉनचे नव्हे, तर दहा-दहा मायक्रॉनांहून मोठे असत, म्हणून ती लवकर खरखरीत होत आणि दाढेवर तर दिसण्याइतकी झिजत. आजचे कण फार बारीक आहेत आणि झीज पुष्कळच कमी झाली आहे. पृष्ठभागाचा खडबडीतपणा सुमारे ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की त्यावर जिवाणूंचा थर अधिक जमतो, असे मानतात. हा थरही रंग धरून ठेवतो. म्हणजे झीज आणि डाग हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. पहिली दुसऱ्याला दार उघडून देते. चाचण्यांत मात्र रंगाची चकती वेगळी आणि घासण्याची चकती वेगळी.

सातारा-सांगलीकडे हे वेगळेपण फार नडते, कारण इथे मिश्री आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर घासत बसायची, ही सवय पश्चिम महाराष्ट्रात विशेषतः बायकांत जुनी आहे. ती तोंडाच्या कर्करोगाकडे नेणारी म्हणून सोडलीच पाहिजे, हे भरणाच्या कितीतरी आधीचे कारण आहे. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर मिश्री ही एकाच वेळी घासणारी पूड आणि रंगवणारे द्रव्य आहे. भरड दंतमंजन किंवा राखुंडी वापरून वर कडक चहा घेणाऱ्याचेही थोडेफार तसेच. कराड आणि सांगली येथे दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी चकती आधी मंजनाने काही हजार वेळा घासावी, मग तेलातल्या हळदीत रोज पंधरा मिनिटे ठेवून धुवावी, पुन्हा घासावी, असा प्रयोग केला तर इथल्या माणसाला त्यातून जास्त कळेल.

या सगळ्याचा रुग्णाशी संबंध काय? भरण घट्ट होताना आकारमानाने साधारण दोन-तीन टक्के आकसते. त्यामुळे दात आणि भरण यांच्या सांध्यात कधी बारीक फट पडते आणि तिथे तपकिरी रेघ उमटते. भरणाचा सबंध रंग बदलणे आणि सांध्यावरची रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणूनच भरणे तपासण्याच्या जुन्या अमेरिकी निकषांतही त्यांना वेगवेगळे गुण देत. चकतीला सांधाच नसतो, तेव्हा बुडवण्याची चाचणी या रेघेबद्दल काहीच बोलत नाही. आणि रेघ दिसली म्हणजे आत कीड आहेच असेही नाही. दाढेतली पांढरी भरणे निकामी होतात ती मुख्यतः नव्याने लागलेल्या किडीमुळे आणि तुटल्यामुळे. अनेक दीर्घ पाहण्यांत हे प्रमाण वर्षाला शंभरात एक ते तीन इतके आढळले आहे. केवळ रंगावरून भरण काढले, तर प्रत्येक वेळी थोडा निरोगी दातही कोरला जातो आणि खड्डा मोठा होतो. पुष्कळदा वरून पॉलिश करून किंवा तेवढाच भाग दुरुस्त करून भागते. 'बदलायलाच हवे का?' असे रुग्णाने विचारावे आणि दंतवैद्याने सांध्याकडे बोट दाखवून उत्तर द्यावे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग असा. पांढऱ्या प्लॅस्टिकची चार सारखी झाकणे घ्या. दोन झाकणे बारीक काचकागदाने घासा. चारही झाकणे कोमट गोडेतेलात कालवलेल्या हळदीत तासभर ठेवून साबणाने धुवा. धुताना फेसात लाल छटा दिसेल. हळदीत चुना घातला की कुंकू होते, तीच ही क्रिया. मग घासलेले एक आणि न घासलेले एक झाकण उन्हात ठेवा, उरलेली दोन कपाटात. तीन दिवसांनी चारही झाकणे शेजारी मांडून मुलांना क्रम लावायला सांगा. झाकणाचे प्लॅस्टिक म्हणजे दातातली राळ नव्हे आणि त्यात काचेचे कणही नसतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर चकतीवरून तोंडाबद्दल बोलणाऱ्यांवर घेतलेला आक्षेप आपल्यावरच येईल.