इरावती

दिंडोरीला भावाच्या मुलीचं बारसं होतं. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा. सजवलेला वरवंटा पाळण्याभोवती फिरला, मी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि महिनाभर मनात जपलेलं नाव सांगितलं : इरावती. घुगऱ्या वाटताना वहिनीच्या आजींनी विचारलं, "ऐरावत म्हणजे इंद्राचा हत्ती ना गं? पोरीला हत्तीचं नाव का ठेवलंत?"

आजींच्या कानाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. दोन शब्दांचं नातं त्यांनी नुसतं ऐकून ओळखलं होतं. रामायणाच्या अरण्यकांडात जटायू कुळकथा सांगतो, त्यात भद्रमदेची मुलगी इरावती आणि तिचा मुलगा ऐरावत. "आजी, पोरीला हत्तीचं नाव नाही ठेवलं. हत्तीलाच त्याच्या आईचं नाव मिळालंय," मी म्हटलं. त्यांना ते पटलं. मला मात्र त्या दिवसापासून हे नाव उलगडून बघायचा नाद लागला.

आधी त्यातलं 'वती'. नाशिककरांची इथे हमखास गफलत होते, कारण आपल्या तोंडात पंचवटी बसलेली. पंचवटीतला 'वटी' वडाचा. इरावतीतला 'वती' म्हणजे 'जिच्याजवळ आहे ती'. संस्कृतात हा मतुप् प्रत्यय. मुळात त्यात 'म' आहे, पण शब्दाच्या शेवटी अ किंवा आ असला की पाणिनीच्या नियमाने त्या 'म'चा 'व' होतो. म्हणून इंदुमती, भानुमती, गोमती. पण लीलावती, कलावती, इरावती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, विष्णूच्या सूक्तात, 'इरावती' आणि 'धेनुमती' ही विशेषणं शेजारी शेजारी आली आहेत, एकात 'व' आणि एकात 'म'. ती आहेत द्यावापृथिवीची, आकाश आणि धरती या जोडीची. तिथलं 'इरावती' हे रूप द्विवचनी आहे. पुढे एका नदीचं, एका राणीचं, एका मुलीचं झालेलं हे नाव तिथे सगळ्या आभाळाला आणि जमिनीला मिळून लावलेलं आहे.

आता 'इरा'. नावांच्या पुस्तकांत 'इरावती = नदी' एवढंच लिहून पान उलटतात, ते मला अपुरं वाटतं. वेदांतली इरा म्हणजे नुसतं पाणी नव्हे. जे प्यायल्यावर अंगी लागतं, जे पोसतं, तो अन्नरस. पाणी वाहून जातं, इरा अंगात राहते. नदीला हे नाव मिळालं ते ती वाहते म्हणून नाही, काठ पोसते म्हणून. पंजाबातल्या रावीचं जुनं नाव हेच. यास्काने निरुक्तात परुष्णीची, म्हणजे रावीचीच, ओळख करून देताना इरावती हे नाव सांगितलं आहे. पुढे लोकांच्या जिभेवर सुरुवातीचा 'इ' गळाला आणि रावी उरली.

अमरकोश इरेचे चार अर्थ देतो : भूमी, वाणी, मद्य आणि पाणी. दिंडोरीत बसून ही यादी वाचताना मला खिडकीतून बाहेर बघावंसं वाटतं. भूमी आणि पाणी इथे एकमेकांना सोडून नाहीतच. याच तालुक्यातली कादवा पूर्वेला जाऊन गोदावरीला मिळते, तर आंबेगावजवळ उगम पावलेली दमणगंगा पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरते. आणि मद्य? सगळीकडे द्राक्षांचे मांडव आहेत आणि त्यांच्यामागे वाइनरी उभ्या राहिल्या आहेत. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त अग्निमित्राच्या धाकट्या राणीचं नाव इरावती, आणि तिसऱ्या अंकात ती प्रमदवनात येते ती मद्य घेऊन, अडखळत्या पावलांनी. नाव ठेवताना कालिदासाच्या मनात इरेचा तो अर्थ होता, असं मला मनापासून वाटतं. त्याच्यासारखा कवी शब्द उगाच टाकत नाही.

राहिली वाणी. ती या नावाला मराठीत मिळाली. 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात म्यिंज्यान इथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या करमरकरांच्या घरी मुलगी झाली. गाव इरावती नदीवरचं, म्हणून मुलीचं नाव इरावती. सातव्या वर्षी ती पुण्याला हुजूरपागेत शिकायला आली आणि पुढे इरावती कर्वे झाली. ब्रह्मदेशाच्या नदीला संस्कृत नाव, त्या नदीचं नाव कोकणस्थ मुलीला, आणि त्या मुलीने मोठेपणी मराठीत महाभारत असं वाचलं की 'युगान्त'नंतर कुंती, द्रौपदी, गांधारी पुन्हा पहिल्यासारख्या दिसल्या नाहीत. पुस्तक 1967चं, साहित्य अकादमीचा पुरस्कार 1968चा. त्याच महाभारतात अर्जुन आणि उलूपी यांचा मुलगा आहे इरावान, म्हणजे याच नावाचं पुल्लिंगी रूप. कुरुक्षेत्रावर आठव्या दिवशी तो पडतो. अन्नरसाचा धनी म्हणून नाव मिळालेला तरणा मुलगा रणात पडला, हे मला वाचून पुढे जाता येत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा दिंडोरीला गेले होते. आजी पाळण्याची दोरी ओढत बसल्या होत्या. ऐरावताची शंका कधीच मिटलेली, आता नाव तोंडात पक्कं बसलेलं. 'इरावती, इरावती' म्हणत त्या झोका देत होत्या. मी बोटांवर मोजू लागले. इ लघु, रा गुरू, व लघु, ती गुरू. दोनदा म्हटलं की प्रमाणिका वृत्ताचा एक चरण होतो. चारदा म्हटलं की पंचचामराचा, शिवतांडवस्तोत्र ज्या चालीत दणाणतं त्याच वृत्ताचा. पण आजींच्या आवाजात तांडव कुठलं! लघूवर पाळणा पुढे जायचा, गुरूवर मागे यायचा आणि तिथे क्षणभर रेंगाळायचा. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला बाळाचे डोळे मिटले. आजींनी दोरी सैल सोडली, पण नाव घेणं थांबवलं नाही.