लिहून देणं, लिहून लावणं

इंग्रजीतले ‘प्रिस्क्राइब’ आणि ‘प्रोस्क्राइब’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात. डॉक्टर औषध लिहून देतात ते पहिलं. मनाई करणं, बहिष्कृत ठरवणं हे दुसरं. दोन्हींच्या पोटात लॅटिनमधलं ‘लिहिणं’च आहे. पहिल्यात ते आधी लिहून ठेवलेलं असतं, दुसऱ्यात चारचौघांपुढे लावलेलं. ‘प्रोस्क्राइब’ म्हणजे मुळात साधी जाहीर नोटीस, लिलावाची वगैरे. तिला रक्त लागलं ते इ. स. पू. 82 मध्ये. रोमन सेनापती सुल्लाने रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या लावल्या. यादीत नाव आलं की त्या माणसाला कुणीही मारावं आणि बक्षीस न्यावं. मालमत्ता जप्त, मुलानातवांना सरकारी पदं बंद.

या शब्दाचा खरा थंडपणा मला जाणवला तो शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये, चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात. सीझरच्या खुनानंतर सत्ता हाती घेतलेले अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस मारायच्या माणसांची यादी करत बसले आहेत. लेपिडस स्वतःच्या भावाच्या मरणाला संमती देतो. अट एवढीच, की अँटनीचा भाचाही वाचता कामा नये. अँटनी हुज्जत घालत नाही. नावावर खूण करतो आणि पुढच्या कामाला लागतो: सीझरचं मृत्युपत्र मागवा, लोकांना द्यायच्या रकमा कुठे कापता येतील ते बघू. तिसऱ्या अंकात याच मृत्युपत्राच्या जोरावर त्याने रोमची गर्दी पेटवली होती! आवाज कुणाचाच चढत नाही. क्रौर्याला इतकं कारकुनी रूप देणारा दुसरा प्रवेश मला आठवत नाही.

आणि या अख्ख्या प्रवेशात ‘प्रोस्क्रिप्शन’ हा शब्द येतच नाही. मारणाऱ्यांना त्याची गरज वाटत नाही. तो येतो तिसऱ्या प्रवेशात, सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या तंबूत, ज्यांची माणसं मेली त्यांच्या बाजूला. ब्रूटसच्या बाजूचा मेसाला बातमी सांगतो, शंभर सिनेटर मारले. ब्रूटसच्या पत्रात आकडा सत्तरचा आहे. ब्रूटसचा साथीदार कॅशियस दचकतो तो मेलेल्यांत वक्ता सिसरोचं नाव ऐकून. सिसरोबद्दल तो विचारतो, मेसाला दुजोरा देतो. मधल्या तीस माणसांचं काय झालं, हे मात्र त्या तंबूतलं कुणीच विचारत नाही. शेक्सपिअरने हा हिशेब जुळवून टाकला नाही, याबद्दल मी त्याचा फार ऋणी आहे.